भाकरी मोजून, औषध विचारून

मधुमेहाचे निदान झाले की घरात पहिली जप्ती येते ती साखरेच्या डब्यावर. आणि चहा बिनसाखरेचा झाला, बासुंदी-श्रीखंडाला रजा मिळाली, एवढ्या बंदोबस्तावर रोगी निश्चिंत होतो. परंतु ज्वारीचे पीठ जिभेला गोड लागत नसले, तरी त्यात शेकडा सुमारे ७० भाग पिष्टच असते, आणि पचनानंतर त्या पिष्टाचे ग्लुकोज होते. तेव्हा दोन पोळ्या सोडून तीन भाकऱ्या खाणे किंवा साखरेऐवजी गूळ घालणे म्हणजे रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळती करणे होय. एकूण बेरजेत त्याने फरक पडत नाही.

उपवासाच्या फराळाविषयी तर विशेष जपावे, हे मला घरच्या ग्लुकोमीटरने शिकविले. एकादशीस साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस घेतल्यावर दोन तासांनी जो आकडा दिसे, तो नित्याच्या भाकरी-भाजी-ताकानंतरच्या आकड्याहून पुष्कळ चढा असे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टच असल्याने त्यात नवल ते काय? पुढे ताटाचा क्रमच मी पालटला. मटकीची उसळ, परतलेली मेथी किंवा शेपू, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, दही, क्वचित अंडे वा मासळी यांनी आधी भूक भागवायची आणि भाकरी एकच, तीही शेवटी घ्यायची. भाताची मूद तर ताटातून नाहीशीच झाली.

आकडे उतरू लागले, आणि खऱ्या सावधगिरीची वेळ तीच असते. मला ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. ती स्वादुपिंडाकडून अधिक इन्सुलिन स्रवविते. पोटात भात गेला आहे की नाही, याची चौकशी ती करीत नाही. भात सुटला, मात्रा मात्र कायम राहिली. परिणामी एके दुपारी जेवणास थोडा विलंब होताच हातातील वर्तमानपत्राची अक्षरे पुसट झाली, कपाळावर घाम डवरला, बोटे कापू लागली, आणि यंत्रावर ५८ हा आकडा उमटला. पत्नीने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, १५ मिनिटांनी आकडा पुन्हा पाहिला आणि मगच पान वाढले. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मात्रा निम्मी केली.

यास्तव अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भात-भाकरी कमी करण्याआधीच मात्रेची फेरतपासणी करून घ्यावी, आणि ७० च्या खाली आकडा आल्यास तत्काळ घेता यावी म्हणून ग्लुकोजची पुडी खिशात बाळगावी. डापाग्लिफ्लोझिन वा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून पिष्ट एकदम तोडू नये. शर्करा फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा कीटोॲसिडोसिस हा घातक विकार त्यातून उद्भवू शकतो. मूत्रपिंडे दुर्बल असतील, तर डाळी-अंड्यांचे प्रमाणही विचारूनच ठरवावे.

जेवणापूर्वीचा आणि दोन तासांनंतरचा आकडा वहीत नोंदवून शेजारी ताटातील पदार्थ लिहावेत, आणि मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी झाली की अहवालासोबत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. कोणते धान्य आपणास किती मानवते, याचा निवाडा शेजाऱ्याच्या सल्ल्यावर न सोपवता त्या नोंदींवरच करावा.