धागे घालण्याआधी दाताचं बघ

धागे घालून घ्यायचे का, हे तू बाहेर कुठे विचारण्याआधी मला विचारलंस, फार बरं केलंस. घरात सांगू नकोस म्हणालीस, नाही सांगणार. आणि पहिल्यांदा हे ऐक, असं मनात आलं म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. पेणच्या कारखान्यात तू गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतेस. बुबुळाची कड केसभर जरी सरकली तरी मूर्तीचा भाव बदलतो, हे मला तूच दाखवलंस. जिची नजर दिवसभर चेहऱ्यांवरच असते, तिला आरशातली नाकापासून ओठाच्या टोकापर्यंत उतरलेली रेघ दिसणारच. गडब गावात कोणी म्हणेल, ही आपल्यासारख्यांची कामं नव्हेत. म्हणू देत.

डॉ. नोशीर अंतिया माहीत आहेत का तुला? मुंबईच्या जेजे रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग त्यांनी उभा केला. कुष्ठरोग बरा झाला तरी बसलेलं नाक आणि झडलेल्या भुवया पाहून लोक माणसाला दारात उभं करत नसत. त्या चेहऱ्यांवर अंतियांनी शस्त्रक्रिया केल्या. पुढे १९७०च्या दशकात हेच डॉक्टर आपल्या जिल्ह्यात, मांडव्याला आले आणि गावातल्या बायकांना हाताशी धरून आरोग्याचं काम त्यांनी उभं केलं. तुझी रेघ आणि तो आजार यांची बरोबरी मी करत नाही. पण चेहऱ्यावरून मन खातं ते खोटं नसतं, एवढं त्या माणसाच्या कामाकडे बघून कळतं.

आता धाग्याचं. पार्लरमध्ये भुवया करतात तो दोरा वेगळा, थ्रेड लिफ्ट वेगळं. यात कानशिलावर, केसांच्या कडेला सुईने भूल देतात, तिथे बारीक छिद्र पाडतात आणि लांब सुईतून, कातडीखालच्या थरातून धागा गालापर्यंत नेतात. धागा बहुतेक वेळा पीडीओचा असतो. शस्त्रक्रियेत टाके घालायला डॉक्टर हाच पदार्थ कितीतरी वर्षं वापरत आलेत, तो शरीरात विरघळतो. त्याच्या अंगाला बारीक काटे असतात. गवताचं कुसळ साडीला लागलं की एका दिशेने सरकत जातं आणि मागे ओढलं तर अडतं, तसेच हे काटे आत धरून बसतात. मग धागा वर ओढून डॉक्टर उतरलेला गाल थोडा वर नेतात. रशियात मार्लेन सुलामानिद्झे या सर्जननी १९९०च्या दशकात काटेरी धाग्याची ही रीत पुढे आणली.

नीट बघ, काम गालावर होतं, रेघेवर नाही. गाल वर गेला की रेघेवरचा भार कमी होतो आणि ती उथळ दिसते. वरच्या बाजूला गालाची चरबी, खालच्या बाजूला ओठ हलवणारे स्नायू, त्यांच्या हद्दीवरची ही घडी आहे. तान्हं बाळ रडायला लागलं की त्यालाही पडते. उलट कोणाची चेहऱ्याची नस गेली, तोंड वाकडं झालं, तर त्या बाजूची रेघ सपाट होते. डॉक्टर तपासताना ती खूण बघतात. म्हणून रेघ साफ घालवून देतो असं जो कोणी सांगेल, त्याच्या दारातून परत फिर. ती सौम्य करता येते, तेवढंच मागायचं.

आणि तेही कायमचं नाही. पीडीओचा धागा साधारण सहा महिन्यांत विरघळतो. आत थोडं नवं कोलॅजन तयार होतं, त्यामुळे फरक त्यापुढेही काही काळ टिकतो, पण वर्षभरात बराचसा ओसरलेला असतो. दुसऱ्या प्रकारचे धागे थोडे जास्त टिकतात आणि महागही पडतात. म्हणजे हा खर्च पुन्हा पुन्हा येणारा आहे. भिशीचे पैसे यात घालायचे की नाहीत ते तू ठरव, मी अडवणार नाही. मंगळसूत्र गहाण ठेवून मात्र करायचं नाही. इथे मी मोठी बहीण म्हणून हट्टाने बोलते.

तू पाठवलेल्या फोटोत माझी नजर वेगळ्याच ठिकाणी गेली. डाव्या बाजूची रेघ उजवीपेक्षा खोल आहे. डावीकडचा वरचा सुळा आणि त्यामागची दाढ काढलीस, आणि तिथे अजून काही बसवलेलं नाही. बाई गं, वरच्या ओठाला आणि गालाच्या पुढच्या भागाला आतून दातांचाच टेकू असतो. तो गेला की वरची कातडी आत बसते आणि रेघ खोल दिसते. अशा वेळी बाहेरून धागा ओढत बसण्यात काय अर्थ आहे? आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. क्रमही तोच ठेवावा लागतो, कारण धागे घातल्यावर काही आठवडे तोंड मोठं उघडायचं नसतं, दातांचं काम करायचं नसतं, चेहरा चोळायचा नसतो आणि उताणंच झोपायचं असतं. आधी धागे आणि मग दात असं केलंस, तर त्या खुर्चीत आ वासून बसताना धागा आतल्या आत निसटू शकतो. दात बसल्यावर दोन-तीन महिने जाऊ देत आणि मग आरशात बघ. कदाचित धाग्याची गरजच वाटणार नाही.

मिश्री अजून लावतेस, मला माहीत आहे. सकाळी मोरीपाशी बसून बोटावर घेतेस ती. तंबाखू हिरड्या खाते आणि दात हलवते. त्यापेक्षा मोठी भीती तोंडाच्या कॅन्सरची आहे. हे काही रेघेपुरतं नाही, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते, सोड. आणि खाडीच्या बांधावर, शेतावर जाताना सनस्क्रीन लाव, एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं. डोक्यावरून पदर घेतलास तरी गाल उन्हातच राहतात. कोणी गोरं करणारं मलम देईल, त्यात स्टेरॉइड असू शकतं. लावल्यावर चार दिवस चेहरा उजळ दिसतो, पण सतत लावलं की कातडी पातळ होते.

फिलरबद्दलही विचारलं होतंस. हायलुरॉनिक आम्लाची जेल थेट रेघेखाली भरतात. अमेरिकेत २००३ साली या रेघांसाठी त्याला मंजुरी मिळाली. रेघ जर पोकळीमुळे पडली असेल तर धाग्यापेक्षा याचा फरक जास्त दिसतो. पण चेहऱ्याची मोठी धमनी याच रेघेच्या जवळून जाते. जेल चुकून तिच्यात गेली तर कातडी काळी पडून मरते, आणि क्वचित डोळा जातो. जेल विरघळवणारं इंजेक्शन हाताशी आहे का, हे डॉक्टरला तोंडावर विचारायचं. लाजायचं नाही.

धाग्यांनीही त्रास होतो. सूज आणि काळंनिळं पडणं तर चालायचंच, ते आठ-पंधरा दिवसांत उतरतं. कधी गालाला खळगा पडतो, एक बाजू वर राहते, धाग्याचं टोक कातडीतून डोकावतं, आत पू होतो. रात्री अकरा वाजता गाल लाल होऊन ठणकायला लागला, तर तू गडबमध्ये आणि डॉक्टर पनवेलला. फोन कोण उचलणार, हे पैसे भरण्याआधी ठरलेलं हवं. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, जखमेचा व्रण फुगून वर येत असेल, तर हे आपणहून सांगायचं.

माणूस कसा ओळखायचा? त्वचारोगातली एमडी किंवा डीएनबी, नाहीतर प्लास्टिक सर्जरीची एमसीएच, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. भिंतीवर लावलेल्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रांवर जाऊ नकोस. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली केसरोपणाबद्दल सूचना काढल्या, त्यात स्पष्ट म्हटलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे सौंदर्योपचार सुरू करण्याइतकं शिक्षण नव्हे. दुसरं मत हवं असेल तर केईएम, सायन, जेजे इथे त्वचेचे आणि प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. केसपेपर काढायचा आणि विचारायचं. विकायला काही नसलेल्या डॉक्टरचं मत ऐकून घे.

आता कारखान्यात सीझन आहे, प्लास्टरची धूळ, रंगाचा फवारा, दिवसभर मान खाली. यात काहीच करायचं नाही. गणपती गेले की दाताचं काम हातात घे, दिवाळीपर्यंत उरकेल. पुढे मन झालंच तर डॉक्टरकडे मी तुझ्याबरोबर येते. येताना मेकअप न करता खिडकीच्या उजेडात काढलेले तीन फोटो घेऊन ये, एक समोरून आणि दोन बाजूंनी. चालू असलेल्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून आण. आदल्या रात्री माझ्याकडेच मुक्कामाला ये, म्हणजे सकाळच्या गाडीची धावपळ नको.