गणपतीआधीचं पॉलिश

चि. भाच्यास,

लाकडी गॅलऱ्या, जिने, कठडे आणि गच्चीवरचे डेक यांची डागडुजी करण्याचा धंदा तू गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात सुरू करणार असल्याचं तुझ्या आईने सांगितलं. धंदा चांगला आहे आणि मुलूखही योग्य निवडला आहेस. मात्र पॉलिशचा हात मारणं हे या धंद्यातलं सगळ्यात शेवटचं काम. कारागीर तरतो किंवा बुडतो तो त्याआधीच्या कामांत, म्हणून हे पत्र त्या कामांविषयी.

मुंबईत घडलेल्या सागकामाचा एक देखणा नमुना आज इंग्लंडमध्ये पाण्यावर तरंगतो आहे. ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ती मलबारच्या सागात बांधली. इंग्लंडला तेव्हा ओकचा तुटवडा होता. शिवाय ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे लवकर गंजतात. सागाच्या गाभ्यातलं तेल मात्र वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतं. १९८७ मध्ये ती नौका हार्टलपूलला नेली आणि २००१ पर्यंत तिची दुरुस्ती चालली. कुजलेला भाग काढून नवा जोडला, शाबूत साग जिथल्या तिथे राखला. गिरगावातल्या गॅलरीलाही हीच रीत लागू पडते. अख्खा कठडा उपटून नवा बसवणाऱ्याला बिल मोठं करता येतं, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या सागाच्या तोडीचा नवा साग त्याला कुठेही मिळत नाही.

असं जुनं सागकाम डोळ्यांनी पाहायचं तर गिरगावातली खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर वसलेल्या या वाडीत एकेकाळी ६५ च्या आसपास घरं होती. आज निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. पुढे उघडा व्हरांडा, बाहेरून चढणारा लाकडी जिना आणि नक्षीचे कठडे. घरमालकांना विचारून तिथे एक फेरी मार आणि रंगापेक्षा सांधे पाहा. लाकूड बहुधा मधोमध कुजत नाही. ते टोकांकडून कुजतं, कारण पाणी सगळ्यात वेगाने आत शिरतं ते फळीच्या कापलेल्या टोकातून. कठड्याच्या खांबाचं बूड, जिन्याची जमिनीला टेकलेली पहिली पायरी, पागोळीखालची फळी, खिळ्याभोवतीची काळी कड ही दुखण्याची ठिकाणं. जुन्या चाळींत त्यात एसीच्या नळीची भर पडली आहे. वरच्या मजल्यावरचं पाणी वर्षभर एकाच जागी ठिबकतं आणि खालच्या गॅलरीची फळी भर उन्हाळ्यातही ओली राहते. तुळशीच्या कुंडीखाली साठणारं पाणीही तेच करतं. पाण्याची वाट न बदलता कुणी कितीही भारी वॉर्निश लावलं, तरी ते पुढच्या आषाढापर्यंत फुगून सुटतं.

म्हणून पहिल्या कमाईतून घ्यायची वस्तू म्हणजे ओलावा मोजणारं मीटर. दोन टाचण्या लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी धरायला लागते, आणि अशा लाकडावर कोणताही लेप नीट बसत नाही. गिऱ्हाइकासमोर टाचणी टोचावी, आकडा दाखवावा आणि वहीत लिहावा. दोन भेटींतले दोन आकडे समोर असले की वाद आपोआप मिटतात.

आता गणपती. या भागातलं गिऱ्हाईक वर्षातून एकदा घाई करतं आणि ती नेमकी भाद्रपदाच्या आधी. ‘गणपतीआधी दार-गॅलरी चमकवून द्या’ अशी मागणी दादरपासून चिराबाजारापर्यंत सगळीकडून येते. केशवजी नाईक चाळीने १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला तेव्हापासून हा सण या वस्त्यांच्या दारातला आहे, त्यामुळे मागणीमागची माया खरी आहे. पण जून ते सप्टेंबर कुलाब्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश अशा दमट हवेत लावलं की ते पांढुरकं पडतं. घरातल्या दाराला ते एखाद्या कोरड्या दिवशी जमून जाईल. बाहेरच्या कठड्याला मात्र चपडीचं पॉलिश कोणत्याच ऋतूत लावू नये, ते पाणी सोसत नाही. ऑगस्टमध्ये अशी मागणी आली तर कठडा स्वच्छ पुसून द्यावा, सैल फळ्या आवळाव्यात आणि लेपाची तारीख दिवाळीनंतरची द्यावी. काही गिऱ्हाइकं रुसून दुसऱ्याकडे जातील. जाऊ द्यावीत.

बाहेरच्या कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मेच्या भाजत्या उन्हात तेल वरच्या वर सुकतं आणि आत मुरत नाही, त्यामुळे तेव्हा सकाळी लवकर किंवा सावली आल्यावरच हात लावावा. माणसांचं वेळापत्रकही याच्याशी जुळवावं लागतं. सुतार आणि पॉलिशवाले बरेचसे राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले, ते होळीला आणि लग्नसराईत गावी जातात; कोकणातली पोरं शिमग्याला आणि गणपतीला. मार्चच्या मोठ्या कामाचा शब्द देण्याआधी कोण कधी निघणार आहे ते विचारून ठेवावं.

बाहेरच्या लाकडाला जाड, काचेसारख्या थराचा मोह गिऱ्हाइकाला असतो. एका जागी भेग पडली की पाणी त्या थराच्या मागे जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. मुरणारं तेल दिसायला साधं असतं, दर वर्षी पुन्हा लावावं लागतं, पण सोलून निघत नाही. आणि धंदाही त्या दर वर्षीच्या हातातच आहे. पावसाळ्याआधी एक तपासणी आणि पावसाळ्यानंतर धुणं-तेल, असा वार्षिक करार करणारी वीस घरं असली की कारागिरांना वर्षभर काम देता येतं. नव्या गिऱ्हाइकामागे धावणाऱ्याला ते जमत नाही.

लोअर परळच्या गिरणी-जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांत आणि हॉटेलांत वेगळंच काम दिसेल. तिथे गच्चीवर सागाचे, परदेशी आयपेचे किंवा उष्णता देऊन पक्क्या केलेल्या पाइनचे डेक असतात. तिथे मशीनच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याची फॅशन आहे. त्याने मऊ रेषा उखडतात आणि फळी खरखरीत होते. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. करडी पडलेली फळी ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने उजळते, पण ते विषारी आहे. हातमोजे हवेत आणि नंतर भरपूर पाणी. स्क्रू स्टेनलेसचेच, तेही समुद्राच्या खाऱ्या हवेत ३१६ दर्जाचे. दोन फळ्यांत थोडी फट सोडावी आणि मोरीच्या तोंडावरची एक फळी तरी सहज उघडणारी ठेवावी. डेकखाली पाणी साचलं की डेंग्यूचे डास होतात आणि महापालिकेची नोटीस गिऱ्हाइकाला येते. बाहेर पडायच्या वाटेवर किंवा जिन्याच्या तोंडाशी डेक, बाकडी, लाकडी पडदे रचायला कुणी सांगितलं तर सरळ नकार द्यावा. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी गच्चीवरल्या हॉटेलांत लागलेल्या आगीत १४ माणसं गेली. त्यांतली अनेक बाहेर पडायला वाट न मिळाल्याने.

आगीवरून एक गोष्ट, आणि ही पक्की लक्षात ठेव. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला की तो आतल्या आत तापतो आणि काडी न लावता पेटतो. चिंध्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाकायच्या. त्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

चाळींच्या कठड्यांवर रंगाचे आठ-दहा थर असतात आणि जुन्या रंगांत शिसं असतं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या थरांबद्दल भरवसा धरू नये. गॅलरीत पोरं खेळतात, वाळवणं पडतात. तिथे कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू नये. ओलं करून खरवडावं, मास्क लावावा, खाली कापड पसरावं आणि खरवड गोळा करून न्यावी.

यापुढचं सगळ्यात जड. १९६९ साली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची नोंद झाली तेव्हा शहरात त्या १९,६४२ होत्या. त्यांतल्या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या म्हणजे ‘अ’ वर्गातल्या १६,५०२. तुझी बरीच गिऱ्हाइकं त्याच इमारतींत राहतात. खोली पागडीची, गॅलरी सगळ्यांची, मालक दुसराच आणि दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे. एका भाडेकरूने पैसे दिले म्हणून सामाईक कठड्याला करवत लावता येत नाही. मालकाची आणि शेजाऱ्यांची लेखी संमती हवी. तुळई पोकळ वाजली, वासा वाकलेला दिसला, तर हातातलं काम थांबवावं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला सांगावं. ३० वर्षांहून जुन्या इमारतीला तपासणी कायद्याने लागतेच. लालबाग-परळला मिरवणूक पाहायला एकेका गॅलरीत किती माणसं उभी राहतात ते तुला माहीत आहे. कुजलेल्या तुळईवर पुट्टी भरून पॉलिश करणारा माणूस त्या सगळ्यांच्या पायाखाली फसवणूक पेरतो, आणि इथे मामा म्हणून मी तुला कसलीही सवलत देणार नाही.

कागदांचं फार अवघड नाही. मोजकीच माणसं असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. उद्यम नोंदणी पहिल्याच महिन्यात करून घे. हॉटेलं आणि बिल्डर पैसे लटकवतात आणि नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असं २००६ चा कायदा म्हणतो. अंदाजपत्रकात मोजमाप, लाकडाची जात, किती हात, काय धरलेलं नाही, हे सगळं लिहावं. आडबाजूला वीतभर जागेवर नमुना करून दाखवावा, त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि मगच आगाऊ रक्कम.

बदलायच्या तुकड्यांसाठी नवा साग महाराष्ट्रातच बल्लारशाच्या आगारातून येतो. ब्रह्मदेशाने २०१४ मध्ये ओंडके बाहेर पाठवणं बंद केल्यापासून ‘बर्मा’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक तुकडा तपासून घ्यावा. पण जुन्या कठड्याला जुनाच साग शोभतो आणि तो पाडलेल्या इमारतींतून रे रोडच्या वखारींत येतो. आत मोडलेले खिळे असतात आणि रंध्याचं पातं एका फटक्यात जातं, तेव्हा लोहचुंबक बरोबर ने. तिथे एक वयस्कर सुतार माझ्या ओळखीचे आहेत. कडेचा पांढुरका भाग आणि खरा गाभा यांतला फरक ते तुला तासाभरात शिकवतील. पुढच्या शनिवारी सकाळी मोकळा असलास तर कळव, मी त्यांना सांगून ठेवतो.

तुझा,
मामा