एंजिनातील तेल जाते कोठे?

झाशीचे नाव घेताच मराठी वाचकाच्या मनासमोर १८५७ सालची राणी लक्ष्मीबाई उभी राहते. परंतु या शहराला आणखी एक इतिहास आहे. तो चाकांचा, यंत्रांचा आणि वंगणाचा होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८९५ साली येथे कारखाना उभारला, १९७४ साली डिझेल एंजिनांची शेड सुरू झाली, आणि आज श्रीनगर ते कन्याकुमारी व पोरबंदर ते सिलचर हे दोन राष्ट्रीय महामार्ग याच परिसरात एकमेकांस छेदून जातात. अशा ठिकाणी वाहन म्हातारे होईपर्यंत राबते, आणि म्हाताऱ्या वाहनाचे एक दुखणे सर्वत्र सारखेच असते. एंजिनातील तेल कमी होत जाते आणि ते कोठे गेले याचा पत्ता लागत नाही.

समजा, झाशीहून ओरछाकडे भाडे नेणारी पेट्रोलवर चालणारी एक जुनी मोटार आहे. तिने दोन लाख किलोमीटरांहून अधिक मजल मारली आहे. तिच्यात वरचेवर तेल ओतावे लागते. पण ती उभी असते तेथे जमिनीवर डाग नाही आणि मागून धूर निघताना दिसत नाही. कोणी सांगतो, “एंजिन संपले, उतरवून बोअर करून घ्या.” हा सल्ला कदाचित बरोबर असेल, कदाचित चूकही असेल. तो चुकीचा असल्यास कुटुंबाचे कमाईचे साधन काही आठवडे विनाकारण बंद पडेल आणि खर्च होऊनही दोष तसाच राहील. उलट दुखण्याकडे दुर्लक्ष केल्यास तेल तळाशी जाईल, पंप तेलाऐवजी हवा ओढू लागेल आणि धारवे, ज्यांना कारागीर बेअरिंग म्हणतात, ते जळून एंजिन जागीच अडकेल. चालकापुढील तेलाचा लाल दिवा तेलाचे प्रमाण दाखवीत नसून दाब दाखवितो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो पेटतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

पदार्थ नाहीसा होत नाही

या कोड्याची उकल एका साध्या नियमातून सुरू होते: पदार्थ नाहीसा होत नाही, तो केवळ जागा किंवा रूप बदलतो. एंजिनातील तेलाला बाहेर पडण्यास तीनच मुख्य वाटा आहेत. ते बाहेर गळते, सिलिंडरात जळते, किंवा एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळते. तपास करणाऱ्याचे काम या तीन वाटा एकामागून एक तपासून बंद करीत जाणे एवढेच आहे.

आधी मोजावे, मग बोलावे

पहिली पायरी मोजणीची. वाहन सपाट जागी उभे करावे, एंजिन बंद करून वरचे तेल तळाशी उतरण्यास दहा मिनिटे द्यावीत, मापकांडी पुसून पुन्हा बुडवावी आणि पातळी टिपून ठेवावी. नंतर किती किलोमीटर चालल्यावर किती तेल घालावे लागले याची वही ठेवावी. उतारावर उभ्या असलेल्या किंवा नुकत्याच थांबलेल्या गाडीची मापकांडी फसवी पातळी दाखविते.

वही ठेवताना एक चकवा ध्यानात असू द्यावा. हिवाळ्यात गाडी शहरातच थोडे थोडे अंतर फिरते, तेव्हा एंजिन पुरते तापत नाही. न जळालेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी तेलात उतरते व खरे तेल घटत असूनही पातळी तेवढीच दिसते. मग एके दिवशी गाडी खजुराहोपर्यंत पावणेदोनशे किलोमीटर जाते. एंजिन चांगले तापते, पेट्रोल व पाणी उडून जातात आणि पातळी एकाएकी खाली येते. मालकाला वाटते, तेल एका दिवसात गेले. वास्तविक ते महिनाभर जातच होते.

प्रत्येक घट रोगाचे लक्षण असते असेही नाही. सिलिंडराच्या भिंतीवरील तेलाचा अतिशय पातळ थर प्रत्येक एंजिनात थोडाफार जळतो. म्हणून ‘तेल कमी होते का’ यापेक्षा ‘हजार किलोमीटरमागे किती, आणि ते प्रमाण वाढते आहे का’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

बाहेर गळणारे तेल

जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही, असे अनुमान काढू नये. हजार किलोमीटरला एक लिटर तेल जाते असे धरू. एका मिलिलिटरमध्ये सुमारे २५ थेंब मानले, तर एका लिटरचे २५,००० थेंब होतात. म्हणजे दर ४० मीटरला केवळ एक थेंब! काही जोड असे असतात की, एंजिन चालू असून तेलावर दाब असेल तेव्हाच ते झिरपतात आणि गाडी थांबताच कोरडे राहतात. असे थेंब रस्त्यावर विखुरतात. घरासमोर डाग पडत नाही.

एंजिन थंड असताना ते धुऊन कोरडे करावे आणि संशयित जोडांवर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. थोडे अंतर चालवून, एंजिन बंद करून पाहिल्यास ओला डाग उमटलेला दिसतो. वाहत्या हवेमुळे तेल मागे आणि वजनामुळे खाली जाते. म्हणून सर्वांत ओली जागा नव्हे, तर सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. उगम तेथे असतो. बुंदेलखंडातील धूळही येथे मदत करते, कारण तेलकट भागावर ती जाड थराने चिकटून गळतीचा नकाशाच काढून ठेवते.

परंतु गळणारा जोड नेहमीच अपराधी नसतो. ज्वलनाचे काही वायू दट्ट्याच्या कडेने खालच्या पेटीत शिरतात. त्यांना बाहेर जाण्यासाठी एक श्वासनळी असते. ती काजळीने चोंदली की पेटीतील दाब वाढतो आणि तेल जेथे फट मिळेल तेथून बाहेर ढकलले जाते. अशा वेळी ऑइल सील बदलूनही गळती परत येते. म्हणून नवे सील बसविण्याआधी श्वासनळी आणि तिची झडप तपासणे शहाणपणाचे.

जळणारे तेल

बाहेरून सर्व कोरडे असेल, तर आत पाहावे. निळसर धूर तेलाचा, काळा धूर जादा इंधनाचा, आणि न विरणारा पांढरा ढग बहुधा पाण्याच्या वाफेचा असतो. मात्र धूर दिसत नाही म्हणजे तेल जळत नाही, असे नव्हे. चार सिलिंडरांचे चतुर्धाव एंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत ताशी ५० किलोमीटर जात असेल, तर हजार किलोमीटरांत सुमारे ४८ लाख ज्वलने होतात. एक लिटर तेल त्यांत वाटले, तर सुमारे १९० ज्वलनांमागे एक थेंब येतो. इतके अल्प तेल डोळ्यांस दिसेलच असे नाही.

धूर केव्हा दिसतो, यावरून त्याचे मूळ ओळखता येते. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सुरू होताच एकदा निळा लोट सोडला आणि नंतर ती स्वच्छ झाली, तर झडपांच्या दांड्यांवरील रबरी सील कडक झाल्याचा संशय घ्यावा. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडला असता आत निर्वात वाढतो आणि त्याच सीलांतून तेल खेचले जाते. तळाशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धूर दिसतो. चढावर भार घेताना सतत धूर येत असेल, तर दट्ट्याच्या रिंगा आणि सिलिंडर यांकडे बोट जाते.

यानंतर दाबमापकाने प्रत्येक सिलिंडराची परीक्षा करावी. एखाद्यात दाब कमी भरला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब स्पष्टपणे वाढल्यास रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. न वाढल्यास झडपा किंवा गॅस्केट संशयित ठरतात. येथेही एक सावधगिरी हवी. दाब धरून ठेवणाऱ्या वरच्या रिंगा वेगळ्या आणि तेल निपटणारी खालची रिंग वेगळी. ही खालची रिंग काजळीने खाचेत अडकली, तर दाब उत्तम असूनही तेल जळत राहते.

पाण्यात मिसळणारे तेल

तिसरी वाट विरळा, पण धोक्याची आहे. एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे, अन्यथा उकळते पाणी अंगावर उसळते. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा दुधाळ तपकिरी साका दिसल्यास सिलिंडरच्या डोक्याखालील गॅस्केट, तडा किंवा तेल थंड करणारे उपकरण यांचा विचार करावा. तेलात पाणी शिरले असेल, तर गाडी चालवू नये.

तेलाची साक्ष

मोठ्या यंत्रांच्या बाबतीत ही पद्धत अधिक बारकाईने वापरली जाते. झाशीच्या शेडमध्ये सांभाळल्या गेलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या एंजिनात १६ सिलिंडर असून त्याची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. असे एंजिन केवळ संशयावरून खोलणे परवडत नाही. म्हणून रेल्वेच्या डिझेल शेडांत तेलाचा खप नोंदला जातो आणि तेलाचा नमुना वर्णपटाच्या साहाय्याने तपासला जातो. अमेरिकेतील एका रेल्वेने १९४० च्या दशकातच ही युक्ती वापरली होती. तेलात लोह वाढले तर सिलिंडरची झीज, क्रोमियम वाढले तर रिंगांची, तांबे व शिसे वाढले तर धारव्यांची झीज संभवते. सिलिकॉन वाढला तर हवेच्या गाळणीतून धूळ आत जात असण्याचा संभव असतो. धुळीतील वाळू कठीण असल्याने ती रिंगांना घासते. म्हणून स्वस्त गाळणीची वेळेवर केलेली बदली महागड्या एंजिनाचे आयुष्य वाढविते.

आता आपल्या मोटारीकडे परत येऊ. तिची श्वासनळी चोंदलेली निघाली, तर ती साफ करून हजार किलोमीटर पुन्हा मोजावे. घट थांबली तर निदान खरे ठरले. रिंगा झिजल्याचा पुरावा मिळाला, तर एंजिन उतरविण्याचा खर्चही योग्यच होय. स्वस्त उपाय नेहमीच पुरतो असे नाही. परंतु खर्च पुराव्याच्या मागून यावा, भीतीच्या मागून नव्हे. वही, मापकांडी आणि खडूची पूड एवढ्या साधनांनी हा पुरावा गोळा करण्यास प्रारंभ करता येतो.

करून पाहा: ड्रॉपरने एक मिलिलिटर जुने तेल थेंबाथेंबाने सोडून थेंब मोजा. तुमच्या आकड्यावरून, हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल गळणाऱ्या गाडीचा एक थेंब किती मीटरांवर पडेल ते काढा. वापरलेले तेल गटारात किंवा मातीत न ओतता गॅरेजमध्ये जमा करा.