नित्यातील विस्मय : ‘ऋतुचक्र’ आणि पाचगणीचे पठार

संस्कृत काव्यशास्त्राने विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव मानला आहे. भरताने नाट्यशास्त्रात या रसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत दिव्य जनांचे दर्शन, इच्छित मनोरथाची प्राप्ती, उपवनात किंवा देवालयात जाणे, सभा, विमान, माया आणि इंद्रजाल यांचा समावेश होतो. उपवनाचा अपवाद सोडला, तर ही सारी यादी नित्यव्यवहारापलीकडची आहे. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आपल्या नारायण नामक पूर्वजाचे मत नोंदविले. चमत्कार हेच रसाचे सार असल्यामुळे अद्भुत सर्वच रसांत असतो, असे ते मत. यामुळे अद्भुताचे क्षेत्र विस्तारले खरे. परंतु विस्मय वस्तूच्या असामान्यत्वातून उपजतो की पाहणाऱ्याच्या दृष्टीतून, हा प्रश्न शिल्लकच राहिला. आधुनिक मराठी ललित गद्याने या प्रश्नाला कोणते उत्तर दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकाच्या आधारे केला आहे. पडताळ्यासाठी पाचगणीचे पठार घेतले आहे. ‘ऋतुचक्र’ हे पाचगणीविषयीचे पुस्तक नव्हे. मात्र एखाद्या लेखनामागील दृष्टी खरी असेल, तर ती पुस्तकाबाहेरच्या भूमीवरही उपयोगी पडली पाहिजे, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

नित्यातील लहान विषयांना मराठी गद्यात प्रतिष्ठा मिळवून दिली ती लघुनिबंधाने. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांच्या पिढीने घरातली, रस्त्यावरची, हाताशी असलेली कोणतीही गोष्ट निबंधाला पुरेशी ठरते, हे दाखवून दिले. हे श्रेय मोठे आहे. तथापि या प्रकाराचा साचा बनत गेला तसतशी ती वस्तू निव्वळ निमित्त उरली. आरंभी एखादी क्षुल्लक गोष्ट, मग आठवणी, मग थोडा विनोद आणि अखेरीस जीवनाविषयीचे एखादे सुभाषित, असा प्रवास ठरून गेला. वस्तूकडे पाहणे दुसऱ्या परिच्छेदातच संपे आणि निबंधकार स्वतःकडे वळे. लघुनिबंधाच्या ऱ्हासाची कारणे अनेक सांगितली जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे त्यांतील मुख्य कारण होय.

‘ऋतुचक्रा’त याच्या उलट घडते. मराठी महिन्यांच्या क्रमाने रचलेल्या या लेखांत झाडाची पालवी, फुलोरा, आभाळ, पाखरे हीच अखेरपर्यंत केंद्रस्थानी राहतात. लेखिकेजवळ संस्कृत काव्याचा व्यासंग आहे, लोकसाहित्याचा अभ्यास आहे आणि वनस्पतींची ओळख आहे. हे तिन्ही वस्तूच्या सेवेला येतात. चैत्रातली पालवी ‘सुंदर’ आहे असे म्हणून त्या थांबत नाहीत. कोणत्या झाडाची, कोणत्या रंगाची, कोणत्या दिवसांतली, हे त्यांना सांगायचे असते. विस्मय येथे तपशिलाच्या मागून येतो, आणि म्हणून तो टिकतो.

अशा लेखनावर पलायनवादाचा आरोप सहज होऊ शकतो. माणसे दुःखात असताना पालवीचे रंग कसले मोजता, असे कोणी विचारील. या आरोपाला साहित्यकृतीतून उत्तर द्यावे हे खरे. पण चरित्रातील एक प्रसंग डावलता येत नाही. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दुर्गा भागवत होत्या. आणीबाणी चालू होती. त्या व्यासपीठावर त्यांनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना कारावासही घडला. फुलाला त्याच्या नावाने ओळखण्याची सवय आणि सत्तेच्या मोघम शब्दांना न भुलणे यांत काही आंतरिक नाते असावे, असे मला वाटते. ते सिद्ध करणे मात्र अवघड आहे.

ज्या कृष्णेच्या काठी कऱ्हाड वसले आहे, तिच्या उगमाजवळच, वाईचा पसरणी घाट चढून गेल्यावर पाचगणी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने हे हवा खाण्याचे ठिकाण म्हणून वसविले. तेथील सिल्व्हर ओक त्याच काळाची खूण. त्या काळाने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे ‘पॉइंट’. सिडनी पॉइंट, पारसी पॉइंट यांवर उभे राहिले की दृष्टी दूर जाते. कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते. कोठे उभे राहायचे आणि काय पाहायचे हे पॉइंटाने आधीच ठरविलेले असते. भरताच्या विभावांची यादी आणि पर्यटकाच्या हातातली यादी यांत या दृष्टीने फारसे अंतर नाही. बहिणाबाई चौधरींना सुगरणीचा खोपा दिसला तो कोणत्याही पॉइंटावरून नव्हे. रान हे ज्यांच्या कामाचे ठिकाण होते, अशा बाईची ती नजर होती.

पाचगणीचे टेबल लँड नजर दूर टाकण्यासाठीच असल्यासारखे भासते. सुमारे १,३०० मीटर उंचीवरचे हे जांभ्या दगडाचे सपाट पठार उन्हाळ्यात उजाड असते. घोडी फिरतात, धूळ उडते. पावसाळ्यात मात्र पायाखाली पाहावे लागते. पाचगणी, महाबळेश्वर, कास या पट्ट्यातील जांभ्याच्या पठारांवर मातीचा थर जेमतेम असतो, पाणी साचून राहते आणि पोषक द्रव्ये फार कमी असतात. अशा जागी श्रावण-भाद्रपदात बोटभर उंचीची निळी-जांभळी फुले उमलतात. त्यांना ‘सीतेची आसवे’ म्हणतात. नाव करुण आहे. वनस्पती मात्र मांसाहारी आहे. ओल्या मातीतल्या तिच्या बारीक पिशव्यांना स्पर्श झाला की झडप उघडते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पाण्यासह सूक्ष्म जीव आत ओढला जातो. मातीत जे मिळत नाही ते ती असे मिळविते. तिच्याच शेजारधर्माची ‘दवबिंदू’ ही वनस्पती. तिच्या पानांवरचे थेंब ऊन चढले तरी सुकत नाहीत, कारण ते दव नसून कीटकांना धरून ठेवणारा चिकट द्रव असतो.

ज्ञानाने विस्मय मावळतो, ही समजूत काव्यविचारात बरीच रुजलेली आहे. वरील दोन नावे तिच्या विरुद्ध साक्ष देतात. ‘सीतेची आसवे’ हे नाव घडविणाऱ्याने रंग, ओल आणि ऋतू यांची नोंद करून त्यांना रामकथेशी जोडले. वनस्पतिशास्त्राने त्याच फुलाखालची पिशवी दाखविली. दुसऱ्या नोंदीने पहिली खोटी ठरत नाही. रडणारी आणि भक्ष्य ओढणारी अशी एकच वनस्पती आता आपल्यापुढे उभी राहते, आणि नावातला विरोधच विस्मयाचे कारण होतो. काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे आलंबन अलौकिक नाही. तुडवले गेले तरी कळणार नाही इतके ते लहान आहे.

तुडवले जाणे हा येथे अलंकार नाही, हेही सांगितले पाहिजे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून घोषित झाला. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारशाच्या यादीत आले. बांधकामाला, वृक्षतोडीला कायद्याने आडकाठी करता येते. बोटभर फुलाचे नाव लोकांच्या तोंडी राहावे, अशी तरतूद कोणत्याही अधिसूचनेत करता येत नाही. ते काम भाषेचे, आणि म्हणून काही अंशी आपल्या विभागांचेही आहे. पदव्युत्तर वर्गात ‘ऋतुचक्रा’तील शैली, प्रतिमा आणि संस्कृतप्रचुरता यांवर प्रश्न विचारले जातात, त्यातील पाच झाडे ओळखून दाखवा, असा प्रश्न मी तरी कोणत्या प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.

‘ऋतुचक्रा’ची एक मर्यादा मात्र याच डोंगरांवर ध्यानी येते. पुस्तकाची चौकट बारा महिन्यांची आहे, आणि जे दर वर्षी परतते तेच त्या चौकटीत नीट बसते. येथील उतारांवर कारवी वाढते. तिच्या काठ्यांनी घरांचे कूड विणले जात. म्हणजे ती अगदी रोजच्या वापरातली. तीच कारवी आठ वर्षांतून एकदा उतारच्या उतार जांभळे करीत फुलते, बी धरते आणि वाळून जाते. मधल्या सात वर्षांत तिच्याकडे कोणी पाहत नाही, कारण पाहण्यासारखे काही दिसत नाही. त्या सात वर्षांतल्या हिरव्या, खरबरीत पानांच्या कारवीवर मराठीत स्वतंत्र ललित लेख लिहिण्यास भरपूर वाव आहे.