वयानुसार किमान वेतन : आर्थिक परिणामांचा विचार

किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या कलम ३ अन्वये प्रौढ, किशोरवयीन, बालक व शिकाऊ उमेदवार यांच्यासाठी किमान वेतनाचे वेगवेगळे दर ठरविण्याची मुभा शासनास होती. कोवळ्या वयात कौशल्य व बळ कमी असते, सबब समान दर ठेवल्यास तरुणांना कोणी कामावर घेणार नाही, अशी या भेदाची बाजू मांडण्यात येते. ती कितपत टिकते, हे येथे पाहावयाचे आहे.

धार जिल्ह्यातील धामनोद ही निमाडातील कापसाची बाजारपेठ. कापूस वेचणीची मजुरी सामान्यतः वजनावर दिली जाते. तेथे वय विचारण्याचे कारण पडत नाही. ज्याने कमी वेचले त्यास कमी मिळते. रोजंदारीची गोष्ट मात्र वेगळी आहे. समजा, बाजारातील एखाद्या दुकानात प्रौढाचा रोज ४०० रुपये व सतरा वर्षांच्या मुलाचा ३०० रुपये आहे. मुलगा प्रौढाच्या तीन चतुर्थांश काम करीत असेल, तर मालकास दोघेही सारखेच पडतात. त्याहून अधिक करीत असेल, तर मालक मुलालाच बोलावील. अशा वेळी घरात ३०० रुपये येतात, बापाचे ४०० जातात आणि मुलाची शाळाही सुटते.

परदेशांतील अनुभव याबाबत बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९९९ पासून २२ वर्षे व त्यावरील कामगारांस ताशी ३.६० पौंड, तर १८ ते २१ वर्षांच्या कामगारांस ३ पौंड असा दर ठरला. न्यूझीलंडने २००१ मध्ये १८ व १९ वर्षांच्या तरुणांस प्रौढांचा दर लागू केला. त्यामुळे त्यांचा रोजगार लगोलग घटल्याचा ठाम पुरावा अभ्यासकांस आढळला नाही. उलट नेदरलँड्समध्ये, वाढदिवसाबरोबर दर वाढण्याच्या सुमारास तरुणांच्या नोकऱ्या सुटण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अंमलात आली. तिच्या कलम ६ नुसार दर ठरविताना कौशल्य, भौगोलिक क्षेत्र व कामातील कष्ट यांचा विचार व्हावयाचा आहे. त्यात वयाचा निकष नाही. चौदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास तर कायद्यानेच मनाई आहे.

सारांश, मजुरीचे माप काम हे असावे, वय नव्हे. शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी ही गोष्ट पालकांस हिशेब मांडून समजावून द्यावी.

विचारार्थ प्रश्न : वरील उदाहरणात मुलाचा रोजही ४०० रुपये केल्यास मालक कोणास बोलावील? कुटुंबाच्या उत्पन्नावर त्याचा काय परिणाम होईल?