चोरी न करणारा माणूस

माणूस चोरी का करतो, हे सगळेच विचारतात. आम्ही आज प्रश्न उलटा धरला आहे. बहुतेक माणसे चोरी का करीत नाहीत? जिथे तिथे काही पोलिस उभा नसतो!

ट्रॅव्हिस हर्शी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियातील हजारो शाळकरी मुलांची माहिती तपासून याच प्रश्नावर १९६९ साली ग्रंथ लिहिला. जिव्हाळ्याची माणसे, कष्टाने मिळवलेली पत, हाताला असलेले काम आणि नियम मनापासून पटणे, या चार दोरांनी माणूस बांधलेला असतो, असे तो म्हणतो. दोर सैल झाले की पाय घसरतो.

आपल्याला हे नवे वाटू नये. पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात. सापडलेले घड्याळ मुकाट्याने पिशवीत घालणे अवघड नाही. पण शेजारी गावचा म्हातारा बसलेला असतो, आणि उद्याही त्याच्याबरोबरच चालायचे असते.

मात्र दोर कोणाशी बांधला, हेही पाहावे. दरोडेखोरांच्या टोळीतही एकमेकांवर जीव असतोच की! इथे हर्शीचे म्हणणे आम्हांस थोडे अपुरे वाटते.

आता आपल्याच मुलखातली गोष्ट. तुरुंग म्हणजे काय, तर होते ते दोरही तोडणे. बायको एकीकडे, पोरे एकीकडे, शेत पडीक. सुटून आलेल्याला धरून ठेवायला मग उरते काय? औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ, माणदेशच्या कोरड्या माळावर, स्वतंत्रपूर वसवले ते याच्या उलट. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांची ही खटपट. भिंत नाही, बेडी नाही. कैद्याने बायकापोरांसह राहावे, शेत कसावे. व्ही. शांतारामांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची कथा माडगूळकरांची, आणि तिचे मूळ याच वसाहतीत. पडद्यावरचा जेलर सहा खुनी कैद्यांना नजरेने बांधतो, ते पाहायला छान वाटते. पण स्वतंत्रपुरातले बंधन आम्हांस त्याहून घट्ट वाटते. पळायचे म्हटले तर रात्री निजलेले पोर ओलांडून जायचे, आणि उभी ज्वारी तशीच टाकून.