कंदातला दिवा आणि भोपळ्यातल्या बिया

आपल्याकडे दिवाळीत दारोदार आकाशकंदील लागतात. साधारण त्याच सुमारास, ३१ ऑक्टोबरच्या रात्री, आयर्लंड, स्कॉटलंड व अमेरिकेत भाजी कोरून केलेले कंदील दारात ठेवतात. त्या सणास हॅलोवीन म्हणतात. दोन्ही प्रथांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु भाजीच्या कंदिलाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

आज हा कंदील भोपळ्याचा असला, तरी आयर्लंडमध्ये पूर्वी तो सलगमचा असे. सलगम म्हणजे मुळ्याच्या कुळातला गोल, घट्ट कंद. सुगी संपून हिवाळा लागतो त्या रात्री मृतात्मे हिंडतात, अशी तेथील समजूत होती. म्हणून कंद पोखरून, त्यावर भेसूर तोंड कोरून आत दिवा ठेवीत. जॅक नावाच्या लबाड माणसाची लोककथाही याच्याशी जोडलेली आहे. त्याला स्वर्गातही जागा मिळाली नाही व नरकातही. सैतानाने दिलेला निखारा सलगममध्ये ठेवून तो अंधारात कायमचा भटकत राहिला.

इ. स. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्यांतील पुष्कळजण अमेरिकेस पोहोचले. तेथे त्यांना भोपळा मिळाला. तो आकाराने मोठा, आतून पोकळ आणि कोरायला सोपा! स्थलांतरितांची प्रथा टिकली, कंद मात्र बदलला.

कोरण्याची रीत साधी आहे. देठाभोवतीची चकती सुरी तिरकी धरून कापावी, म्हणजे झाकण आत पडत नाही. चमच्याने गर व बिया काढाव्यात, आतली भिंत बोटभर जाड ठेवावी आणि मग डोळे, नाक, तोंड कोरावे. सलगम पोखरताना निघे तो खाण्याजोगा कंदच. भोपळ्यातून मात्र मूठमूठ बिया निघतात. त्या धुऊन दहा मिनिटे मिठाच्या पाण्यात उकळाव्यात, फडक्यावर सुकवाव्यात आणि थोडे तेल लावून मंद आचेवर, सतत हलवीत, तांबूस होईपर्यंत भाजाव्यात.

या बियांना आपण 'उरलेल्या' म्हणतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मेक्सिकोतील वाहाका प्रांतात गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तेथे सापडलेल्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत, असे ब्रूस स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. रानभोपळ्याचा गर कडू असतो. तेव्हा माणसाने हे फळ प्रथम बियांसाठीच जवळ केले असावे, असे मानले जाते. गोड गर मागाहून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आला. कंदिलाचा मान तर अगदी अलीकडचा.

आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच. कोलंबसानंतर तो इकडे आला. त्याची भाजी आपण आपलीशी केली. घरोघरी मूठभर बिया पुढच्या पेरणीसाठी राखेत घोळून ठेवतात. बाकीच्या बहुधा उकिरड्यावर जातात. ज्या दाण्यासाठी माणसाने हा वेल प्रथम लावला, तोच आज टाकाऊ ठरावा, हे नवलच. यंदा भोपळा चिराल तेव्हा त्या बियांना एकदा तवा दाखवून पाहावा.